नकाराचे कारण विचारावे

आपल्या समाजातील अनेक मुलेमुली शिक्षण पुरे झाल्यावर दुबई, अबू धाबी, शारजा येथील हॉटेलांत, शाळांत व कचेऱ्यांत अर्ज पाठवितात. काहींना काम मिळते, ही आनंदाची गोष्ट. पण ज्यांना नकार येतो त्यांच्याविषयी घरात कोणी बोलत नाही. शेजाऱ्यांनी विचारले तर 'अजून उत्तर आले नाही' असे सांगून वेळ मारून नेतात. मुलगा मनात कुढत राहतो, आणि पुढच्या महिन्यात तोच अर्ज दुसऱ्या पत्त्यावर जातो.

आम्ही शिक्षक. विद्यार्थ्याला दहापैकी चार गुण देऊन वही परत केली आणि शेरा लिहिला नाही, तर बाकीचे सहा गुण कुठे गेले हे त्याने कसे ओळखावे? नोकरीचेही तसेच आहे. म्हणून नकार आल्यावर नम्रपणे कारण विचारावे, असे आमचे मत आहे. त्यात कमीपणा नाही.

आपल्याकडे सरकारी नोकराला लोकसेवा आयोगाने केलेल्या नेमणुकीविरुद्ध २००८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. परदेशातील खाजगी नोकरीसाठी हे दार उघडत नाही. तेथे विनंतीच करावी लागते. पत्र इंग्रजीत आणि लहान असावे: 'माझ्या अर्जाचा विचार केल्याबद्दल आभारी आहे. मी काय सुधारावे हे दोन ओळींत कळविल्यास उपकार होतील.' एवढे पुरे. वाद घालू नये, कोणाला घेतले हे विचारू नये. आठ दिवसांनी एकदा आठवण द्यावी, मग पुढच्या अर्जाला लागावे.

उत्तर आले तर ते शांतपणे वाचावे. कधी अडचण कागदांची असते. पदवीपत्र रीतसर साक्षांकित केलेले नसते. कधी आपणच आपले गुण लपवितो. इंग्रजीबरोबर फ्रेंच बोलणे आपल्या बेटावर रोजचेच, म्हणून मुले ते अर्जात धड लिहीतही नाहीत. परदेशी पाहुण्यांच्या हॉटेलात तेच मोलाचे ठरू शकते. आणि कधी दोष कोणाचाच नसतो. अमिरातीत २०२२ पासून ५० किंवा अधिक नोकर असलेल्या खाजगी कंपन्यांना कुशल कामांवर दरवर्षी २ टक्के अधिक स्थानिक नागरिक घेण्याचा नियम लागू झाला. जागा त्यांच्याकडे गेली तर आपल्या मुलीच्या पात्रतेत काही उणे ठरत नाही.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. नकारानंतर 'कारण मला ठाऊक आहे, पैसे द्या, काम करून देतो' म्हणणारे दलाल भेटतात. अमिरातीचा २०२१ चा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आला. नोकर भरतीचा खर्च मालकाने कामगाराकडून घेऊ नये, असे त्यात स्पष्ट आहे. तेव्हा आईचे दागिने मोडून कोणाचा हात ओला करू नये.

आईवडिलांनाही आमची विनंती आहे. 'तुला का घेतले नाही?' असे रागाने विचारल्यास मूल गप्प बसते. 'त्यांनी काय कळविले, चल, मिळून वाचू' असे म्हटल्यास पुढचा अर्ज निश्चित सुधारेल.