खो कधी द्यायचा?

गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीत सातवीतली दोन मुले हमरीतुमरीवर आली. कारण पोकेमॉनचा व्हिडिओ गेम. एक म्हणत होता, "तू यू-टर्न मारून पळालास, ही चीटिंग आहे!" दुसरा म्हणाला, "पळालो नाही, गडी बदलला!" घंटा झाली, भांडण मिटले. पण खरे कोणाचे, हा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. शेवटी त्या दोघांनाच शेजारी बसवून आम्ही खेळ समजून घेतला.

२००३ च्या सुमारास कार्टून नेटवर्कवर हिंदीतून पोकेमॉन पाहिलेले आजचे काही पालक पिकाचूला ओळखत असतील. गेममध्ये प्रत्येकाच्या संघात असे सहा प्राणी असतात. साध्या लढतीत मैदानात एका वेळी एकच उतरतो. दमलेला प्राणी मागे घेऊन दुसरा आणायचा तर एक पूर्ण डाव खर्ची पडतो आणि नव्या प्राण्याला आल्या आल्या मार खावा लागतो. २००६ साली निघालेल्या 'डायमंड' आणि 'पर्ल' या गेममध्ये 'यू-टर्न' नावाचा नवा डाव आला. यात प्राणी आधी शत्रूवर घाव घालतो आणि त्याच डावात माघारी येऊन आपल्या जागी सोबत्याला पाठवतो. म्हणजे दुसऱ्याचेच म्हणणे बरोबर होते. नियमात बसणारा हा डाव आहे, चीटिंग नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. यू-टर्न मारणारा चपळ असेल तर तो घाव घालून आधीच निसटतो आणि शत्रूचा त्या डावातला तडाखा नव्याने आलेल्या सोबत्याला बसतो. तो शत्रूपेक्षा मंद असेल तर आधी स्वतः तडाखा सोसतो, मग घाव घालतो आणि मागचा गडी एक ओरखडाही न लागता मैदानात येतो. त्यामुळे नाजूक गडी सुखरूप आणायचा असला की मुरलेले खेळाडू मुद्दाम मंद, पण दणकट प्राण्याकडून हा डाव खेळवतात. आणखी एक नियम आहे. मागे कोणी उरलेच नसेल तर घाव बसतो, पण बदल होत नाही. एकट्याला तिथेच उभे राहावे लागते.

हे ऐकताना आम्हाला आपला खो-खो आठवला. पाठलाग करणाऱ्याने एक दिशा धरली की खांबापर्यंत पोचल्याशिवाय उलटे फिरता येत नाही, मधली पाटीही ओलांडता येत नाही. मग तो बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणतो आणि स्वतः त्याच्या जागी बसतो. बसलेला कितीही चपळ असो, खो मिळाल्याशिवाय उठला तर फाऊल! जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी तो जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. नुसते धावून असे संघ जिंकत नाहीत, खो वेळेवर द्यावा लागतो.

इतिहासातही हे दिसते. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज याच सुरतेत आले आणि मोगल फौज पोचण्याआधी निघून गेले. त्यात या शहराने फार सोसले, हे इथे राहणाऱ्या आपण विसरू नये. १६७० च्या ऑक्टोबरात ते पुन्हा आले. परतताना दिंडोरीजवळ दाऊदखानाच्या फौजेने गाठले, तेव्हा खजिना पुढे धाडून महाराज स्वतः लढायला मागे थांबले. माघार आणि पळ यांतला फरक इथे कळतो. मागे कोण थांबले आणि तडाखा कोणी झेलला, हे पाहावे.

आता थोडे आमच्या वयाच्या मंडळींविषयी. शाळेच्या समित्या, गणेशोत्सव, स्नेहसंमेलन आणि ही पत्रिकासुद्धा वर्षानुवर्षे त्याच हातांत आहे. हात कष्टाळू आहेत, यात शंका नाही. पण "नवी पिढी पुढे येत नाही" अशी तक्रार आपण करतो, तेव्हा आपण खो दिला होता का? की बसलेला आपणहून उठला म्हणून फाऊल तेवढा दिला? आणि कधी खो दिलाच, तर तो कर्ज, थकलेली बिले आणि भांडणे नवख्यांच्या अंगावर टाकून दिला. हा झाला चपळाचा यू-टर्न.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक समितीत यंदा दोन माजी विद्यार्थी घ्यावेत, त्यांच्या हाती खरे काम द्यावे आणि पहिल्या वर्षी चूक झाली तर बोल जुन्यांनी झेलावेत. सुरुवात आम्ही स्वतःपासून करतो. पुढच्या अंकापासून या पत्रिकेचे एक पान आठवी-नववीचे विद्यार्थी संपादित करतील. त्यात शुद्धलेखन चुकले तर पत्र आमच्या नावे पाठवावे, मुलांच्या नव्हे.

पालकांना एकच विनंती. गेमला वेळेची मर्यादा जरूर घाला, पण एकदा मुलांशेजारी बसून तो समजूनही घ्या. आणि मुलांनो, संध्याकाळी मैदानावर या. पडद्यावर कळलेला डाव पायांत उतरायला माती लागते.

खो!