चोर पकडा, लाभार्थी नव्हे

ऑस्ट्रेलियातील 'एनडीआयएस' या दिव्यांग साहाय्य योजनेत रक्कम लाभार्थीच्या नावे मंजूर होते आणि सेवा देणाऱ्या संस्था त्यातून बिले वसूल करतात. ६ लाखांहून अधिक लोकांच्या या योजनेतील लबाडी शोधण्यासाठी तिथल्या सरकारने २०२२ मध्ये 'फ्रॉड फ्यूजन टास्कफोर्स' नेमले, हे योग्यच झाले. कोणी फिरकलेच नाही तरी बिल लागते, एका तासाचे तीन तास होतात. मंजूर रक्कम अशी आधीच संपली, तर अंथरुणाला खिळलेल्या माणसाची आंघोळ अडते.

तपास अधिकारी बिले, हजेरीपत्रके आणि बँक खाती ताडून पाहतो. पण मुख्य साक्षीदार, म्हणजे लाभार्थी, बहुधा त्याच लबाड संस्थेवर विसंबलेला असतो. तक्रार केली तर उद्या सकाळी मला खुर्चीत बसवणार कोण, ही त्याची भीती खरी आहे. म्हणून चौकशीचा पहिला दिवस आणि पर्यायी मदतनीसाचा पहिला दिवस एकच असला पाहिजे.

याच देशात 'रोबोडेट' या सरकारी वसुली योजनेने २०१५ ते २०१९ या काळात उत्पन्नाच्या संगणकी सरासरीवरून गरिबांवर खोटी थकबाकी लादली. चौकशी आयोगाने २०२३ च्या अहवालात त्यावर कठोर ताशेरे ओढले. तीच संशयाची नजर आता दिव्यांगांकडे वळता कामा नये. काही आजारांत माणूस सोमवारी चालतो आणि गुरुवारी उठूही शकत नाही. समुद्रकिनाऱ्यावरचा हसरा फोटो हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे. अधिकाऱ्यांना हे प्रशिक्षणातच शिकवावे आणि तपासाचा रोख बिले लावणाऱ्यांवर ठेवावा.