निवळ पाणी म्हणजे निर्दोष पाणी का?



खळ्यावर तुरीची रास पडली की आपण काय करतो? वाऱ्याच्या तोंडी उभे राहून ती उपणतो. भुसा हलका, तो पलीकडे उडतो. दाणा जड, तो पायाशी पडतो. मग घरची बाई दाणे चाळणीवर धरते, बारीक माती खाली जाते. शेवटी उरलेले खडे नजरेने हेरून बोटांनी वेचते. मिश्रण एकच, पण वेगळे करायच्या रीती तीन. हलक्या-जडाला वारा, लहान-मोठ्याला चाळणी आणि दोन्हींत सारख्याला नजर. ज्या गुणात दोन वस्तूंचा फरक असेल, तो गुण धरूनच त्या वेगळ्या होतात. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात हाच धडा असतो, आणि आपल्या घरी तो रोज गिरवला जातो.

आता हाच धडा पिण्याच्या पाण्याला लावून पाहू. तिथे आपली हमखास फसगत होते.

मुलांना जवळ बसवा आणि दोन पेले पाणी घ्या. एकात चमचाभर शेतातली काळी माती टाका, दुसऱ्यात चमचाभर मीठ. दोन्ही ढवळा. माती पाण्यात तरंगत राहते, पाणी गढूळ दिसते. मीठ मात्र दिसेनासे होते आणि पाणी आधीसारखेच निवळ राहते. आता दोन्ही पेले चौपदरी फडक्यातून गाळा. मातीचा बराच गाळ फडक्यावर राहील. मिठाच्या पाण्याचा थेंब जिभेवर ठेवा, ते होते तितकेच खारट! फडक्यावर मिठाचा कण नाही. कारण मीठ पाण्यात नुसते मिसळले नाही, ते विरघळले. त्याचे कण इतके सूक्ष्म झाले की फडक्याच्या छिद्रांतून पाण्याबरोबर ते सहज निघून गेले. पहिल्या पेल्यात मिश्रण, दुसऱ्यात द्रावण. द्रावणही एक मिश्रणच, पण एकजीव झालेले.

तरंगणाऱ्या गाळावर आपल्याकडे जुना उपाय आहे तो तुरटीचा. काळ्या मातीचे अगदी बारीक कण एकमेकांना दूर लोटतात, म्हणून रात्रभर ठेवले तरी खाली बसत नाहीत. तुरटी फिरवली की ही लोटालोटी थांबते. पाण्यात कापसाच्या पेळूसारखे मऊ पुंजके तयार होतात, मातीचे कण त्यांना चिकटतात आणि जड होऊन तळाशी जातात. निवळीची बी किंवा शेवग्याच्या बियांची पूड यांचाही उपयोग जुन्या लोकांना ठाऊक होता. पावसाळ्यात नदीचे गढूळ पाणी शहराला पाजायचे, तर जलशुद्धीकरण केंद्रातही आधी असेच निवळावे लागते. फक्त तिथे बादलीऐवजी मोठमोठे हौद असतात.

पण तुरटीने निवळलेल्या पाण्यात मीठ असेल तर ते तसेच राहते. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतील पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यातील लोकांना हे सांगायला नको. विहिरीचे पाणी आरशासारखे स्वच्छ, आणि घोट घेतला तर खारट. तिथे निदान जीभ तरी सांगते. काही क्षारांची जिभेलाही दाद लागत नाही.

फ्लोराइड हा असाच क्षार. काही खडकांतून तो पाण्यात उतरतो. आपल्या चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतील कित्येक गावांच्या पाण्यात, बहुधा खोल बोअरच्या पाण्यात, तो जास्त सापडला आहे. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत तो चालतो. दुसरी सोय नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. त्यापेक्षा जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर लहान मुलांच्या येणाऱ्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात आणि घासून जात नाहीत. पुढे मान, कंबर, गुडघे आखडतात. एकदा आखडलेली हाडे औषधाने पूर्ववत होत नाहीत.

अशा घरातली माउली काय करते? पाणी चांगले उकळून मुलांना देते. तिची काळजी खरी, पण उपाय उलटा पडतो. भात शिजताना झाकणाखाली पाण्याचे थेंब जमतात. ते चाखून पाहा, भातात मीठ घातले असले तरी ते थेंब अळणी लागतील. वाफ होते ती पाण्याची, मीठ भांड्यातच राहते. समुद्रकाठच्या मिठागरांत नेमके हेच होते. ऊन पाणी नेते, मीठ मागे ठेवते. मग आपण पाणी उकळतो तेव्हा काय होते? पाणी आटते, फ्लोराइड तेवढेच राहते, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. चुनखडीचा काही भाग भांड्याला पांढऱ्या पापुद्र्यासारखा बसतो खरा, पण त्यावरून सारे क्षार गेले असे समजू नये.

यावर एक मार्ग आपल्या नागपुरातच निघाला. इथे १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था सुरू झाली. १९७४ पासून तिला ‘नीरी’ म्हणतात. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात ‘नलगोंडा पद्धत’ बसवली. तीत लागते काय, तर चुना, ब्लीचिंग पावडर आणि आपली तुरटी! पाण्यात ही ठराविक प्रमाणात घालून ढवळतात. तुरटीचे पुंजके बनतात आणि विरघळलेले फ्लोराइड त्यांना धरून बसते. तासाभरात पुंजके तळाशी गेले की वरचे पाणी अलगद काढून घेतात. जे गाळून निघत नव्हते त्याला गाळाच्या गळ्यात बांधून खाली बसवले, अशी ही युक्ती. मात्र घरी अंदाजाने हा प्रयोग करू नये. तुरटी किती लागेल हे पाण्यातील फ्लोराइड आणि पाण्याचा अल्कधर्म तपासूनच ठरते. तुरटी जास्त झाली तर तीही पाण्यात राहते.

शेतातला युरियाही असाच विरघळणारा. पिकाला न लागलेला भाग पावसाबरोबर जमिनीत उतरून नायट्रेटच्या रूपाने विहिरीत येतो. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट असलेले पाणी बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला घातक ठरते. उकळून तेही जात नाही. म्हणून खताची पोती आणि उकिरडा विहिरीपासून दूर ठेवावा.

मग उकळणे वाया का? मुळीच नाही. जंतू हा तिसरा प्रकार. ते विरघळत नाहीत, पण फडक्यात अडकण्याइतके मोठेही नसतात. उकळल्याने ते मरतात, योग्य मात्रेतल्या क्लोरीननेही मरतात. तेव्हा हिशेब सरळ आहे. गाळाला तुरटी आणि फडके, जंतूंना उकळी किंवा क्लोरीन, आणि विरघळलेल्या क्षाराला आधी तपासणी.

शेवटी एक काम सांगतो. उद्या एका स्वच्छ स्टीलच्या ताटलीत आपल्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घाला आणि उन्हात आटू द्या. शेजारी दुसऱ्या ताटलीत तेवढेच पावसाचे पाणी ठेवा. पहिल्या ताटलीत पांढरा थर उरला तर तो पाण्यात लपलेला क्षार. तो कोणता आहे, चांगला की वाईट, हे ताटली सांगणार नाही. आणि थर अगदी पुसट दिसला तरी निर्धास्त होऊ नका, कारण घातक क्षार थोडासाच पुरतो. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला भेटा आणि पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायला सांगा. कागद आला की त्यात फ्लोराइड आणि नायट्रेटचे आकडे पाहा. दोष निघाला तर पिण्यापुरते पाणी दुसऱ्या विहिरीचे आणा आणि क्षार काढणाऱ्या यंत्राचा विषय ग्रामसभेत मांडा. त्या बोअरचे पाणी भांडी-धुण्याला खुशाल वापरा.

पाणी डोळ्यांनी पाहून आपण आजवर पीत आलो. यापुढे आकडा पाहून पिऊ या.