सरासरी नको, दिवसांचा हिशेब हवा



हृदयात कृत्रिम झडप बसविलेल्या अथवा ठोके अनियमित असलेल्या अनेकांना रक्त पातळ ठेवणारी गोळी दीर्घकाळ घ्यावी लागते. वॉरफरिन आणि असेनोकूमारॉल ही तिची जुनी व स्वस्त रूपे. तिचा परिणाम आयएनआर या रक्तचाचणीने मोजतात. अनियमित ठोक्यांच्या रुग्णात हा आकडा साधारणतः २ ते ३ असावा लागतो. काही झडपांसाठी थोडा अधिक. तो खाली गेला तर गुठळीचे व पक्षाघाताचे भय, फार वर गेला तर रक्तस्रावाचे.

नवी महाग गोळी 'वॉरफरिनहून सरस' ठरली, असे आपण ऐकतो. त्या वेळी व्यापाऱ्याच्या सावधपणाने एक प्रश्न विचारावा : तुलनेतील वॉरफरिन नीट सांभाळले गेले होते काय?

हे मोजावे कसे? नुसती सरासरी फसवी असते. एकदा १.२ आणि एकदा ३.८ आल्यास सरासरी २.५ भरते; प्रत्यक्षात दोन्ही वेळा रुग्ण धोक्यात होता. किती चाचण्या मर्यादेत आल्या हे मोजणेही अपुरेच, कारण आकडा बिघडला की चाचण्या वारंवार होतात आणि वाईट दिवसांना अधिक वजन मिळते.

बचत खात्यावरील व्याज पूर्वी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर मिळे. १ एप्रिल २०१० पासून ते दररोजच्या शिलकेवर मिळू लागले. रक्ताच्या बाबतीत असाच दैनिक हिशेब नेदरलँड्समधील लायडन येथील संशोधक रोझेंडाल यांनी १९९३ साली मांडला. दोन चाचण्यांमध्ये आकडा सरळ रेषेत बदलला असे मानून मर्यादेतील दिवस मोजायचे. समजा, ३० दिवसांत आयएनआर २.४ वरून ४.४ वर गेला. ९ दिवसांनी तो ३ ओलांडतो. म्हणजे मर्यादेत केवळ ३० टक्के काळ. चाचण्या मोजल्या असत्या तर दोहोंपैकी एक, म्हणजे ५० टक्के दिसले असते! या प्रमाणाला टीटीआर म्हणतात.

आता काही ताळेबंद पाहू. डॅबिगॅट्रान या नव्या औषधाच्या २००९ सालच्या मोठ्या अभ्यासात वॉरफरिन गटाचा टीटीआर ६४ टक्के होता. रिव्हरोक्सॅबानच्या २०११ सालच्या अभ्यासात ५५ टक्के. पहिल्या अभ्यासात देशागणिक अंतर तर मोठेच : तैवानमध्ये ४४, स्वीडनमध्ये ७७. एकच सरासरी एवढी तफावत झाकून ठेवते.

म्हणून ताळेबंदाखालील टिपांप्रमाणे येथेही खुलासा हवा. पद्धत कोणती? औषध सुरू करतानाचे अस्थिर दिवस धरले की वगळले? मध्येच गोळी बंद झाली तो काळ कसा धरला? चाचण्यांत दीर्घ खंड पडला तर काय केले? मर्यादेबाहेरचे दिवस खालच्या बाजूचे किती, वरच्या बाजूचे किती? हे सांगितल्याविना दोन अभ्यासांची तुलना म्हणजे निरनिराळ्या पद्धतीने लिहिलेल्या दोन वह्यांची तुलना होय.

हा हिशेब आपल्या घरालाही लागू आहे. चातुर्मासात आपण पालेभाज्या वर्ज्य करतो, पर्युषणात उपवास करतो. पालेभाज्यांतील 'के' जीवनसत्त्व या गोळीचा परिणाम कमी करते. ते आहारातून अचानक गेले की तीच मात्रा अधिक तीव्र ठरू शकते. म्हणून प्रत्याख्यान घेण्यापूर्वी डॉक्टरांना कल्पना द्यावी, त्यांच्या सल्ल्याने चाचणी लवकर करावी आणि मात्रा स्वतःहून कधीही बदलू नये. गुरुमहाराजांनाही प्रकृतीची वस्तुस्थिती निवेदन करावी.

एका वहीत तारीख, आयएनआर, गोळीची मात्रा आणि आहारातील बदल नोंदवावेत. पुढील भेटीत 'आजचा आकडा किती?' याबरोबरच 'गेल्या सहा महिन्यांत किती दिवस मर्यादेत होतो?' हेही विचारावे. निम्मेच दिवस भरत असतील, तर मात्रा, आहार किंवा औषध यांचा फेरविचार डॉक्टरांसोबत करण्याची वेळ आली आहे, असे समजावे.