सेवेला निघालेल्या मुलांनो, परतभेटीचे काय?

युरोप-अमेरिकेत उन्हाळ्याची सुट्टी लागली की चौदा ते अठरा वर्षांची हजारो मुले-मुली पाठीवर पिशव्या टाकून परदेशी निघतात. कुणी आफ्रिकेतल्या खेड्यात शाळेच्या भिंती बांधायला जातो, कुणी लॅटिन अमेरिकेत शौचालये बांधायला, तर कुणी नेपाळ-कंबोडियाच्या अनाथालयात इंग्रजी शिकवायला. मुक्काम दोन-तीन आठवड्यांचा. पैसे पालक भरतात, सहल भरवणारी कंपनी किंवा संस्था ते घेते, आणि परतल्यावर त्या अनुभवाचा उपयोग कॉलेजच्या प्रवेश अर्जात होतो. या उपक्रमाला 'सर्व्हिस लर्निंग', म्हणजे सेवेतून शिक्षण, असे नाव आहे.

चळवळीचा वाचक विचारील, श्रीमंतांच्या मुलांच्या सहलींशी आमचे काय देणेघेणे? देणेघेणे आहे. जगात जेथे जेथे सेवा चालते तेथे सेवा करणारा एका बाजूला असतो आणि जिची सेवा होते ती वस्ती दुसऱ्या बाजूला असते. आम्ही पिढ्यान्पिढ्या त्या दुसऱ्या बाजूला उभे आहोत. सेवा करणाऱ्याला न दिसणाऱ्या पुष्कळ गोष्टी तेथून दिसतात. त्या सांगणे हे आमचे काम आहे.

प्रथमच स्पष्ट करतो की, या मुलांच्या हेतूवर आमचा संशय नाही. सोळाव्या वर्षी घर सोडून, अनोळखी भाषेच्या मुलखात, अनोळखी अन्न खाऊन राहायला धैर्य लागते. अशा प्रवासातून काही चांगलेही घडले आहे. १९६५ साली अमेरिकेतील ह्यूस्टन शहरातून शाळा-कॉलेजातील मुलांचे एक पथक होंडुरास देशात पोलिओची लस द्यायला गेले. त्यातूनच 'अमिगोस दे लास अमेरिकास' ही संस्था उभी राहिली. लस देणे हे निश्चित काम होते, त्याचे प्रशिक्षण देता येत होते आणि त्याची गरजही खरी होती.

शिवाय या शिक्षणपद्धतीचे मूळ आम्हाला परके नाही. अनुभवातून शिक्षण हा विचार ज्यांनी अमेरिकेत रुजवला ते प्रा. जॉन ड्यूई कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे गुरू होते. लोकशाही ही केवळ राज्यकारभाराची पद्धत नसून एकमेकांच्या सोबतीने जगण्याची, अनुभवांची देवाणघेवाण करण्याची रीत आहे, हा ड्यूईंचा विचार. बाबासाहेबांनी तो १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात जातिव्यवस्थेवर चालवला. वेगवेगळ्या समाजगटांतली मुले एकमेकांच्या घरी राहिली, एकमेकांची भाषा शिकली, तर ते बाबासाहेबांच्याच विचाराशी जुळणारे आहे. म्हणून प्रश्न मुलांनी जावे की न जावे हा नाही. देवाणघेवाण म्हणतो तिच्यात देवाणही आहे आणि घेवाणही आहे. या सहलींत ती दोन्ही बाजूंनी होते का, हा खरा प्रश्न आहे.

पिप्पा बिडल या अमेरिकन लेखिकेने शाळेत असताना केलेल्या टांझानियाच्या सहलीविषयी २०१४ साली लिहिले, ते जगभर वाचले गेले. मुली दिवसभर ग्रंथालयाची भिंत रचीत. विटा इतक्या वेड्यावाकड्या बसत की रात्री गावातली माणसे येऊन ते बांधकाम उतरवीत आणि पुन्हा नीट रचीत. सकाळी मुली उठत तेव्हा त्यांना यातले काहीच कळू नये, अशी व्यवस्था होती. यात गवंडी कोण होते आणि विद्यार्थी कोण होते? गवंड्याची कला त्या गावात आधीच होती. सहलीच्या खर्चाच्या थोड्याशा भागात त्याच गवंड्यांना मजुरी देऊन ती भिंत एकदाच, सरळ उभी राहिली असती. पण मग मुलींना 'आम्ही बांधले' असे म्हणता आले नसते. बिडल यांनी हे प्रामाणिकपणे लिहिले, याचे आम्हाला कौतुक आहे. त्या गवंड्यांना मात्र कुणी काही विचारले नाही.

हा आक्षेप नवा नाही. १९६८ साली विचारवंत इव्हान इलिच यांनी मेक्सिकोत सेवेला जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या परिषदेतच त्यांना सुनावले होते की, पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. ज्याची भाषा तुम्हाला येत नाही त्याचे भले तुम्ही ठरवता, हीच सत्ता आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

वकिलीच्या भाषेत सांगायचे तर करार दोन पक्षांच्या संमतीने होतो. या सहलींत करार पालक आणि कंपनी यांच्यात होतो. ज्यांच्या अंगणात सहल उतरते ते या करारात पक्षकारच नसतात. काम कोणते, मुले किती, फोटो काढायचे की नाही, यांपैकी कशावरही त्यांची सही नसते. उद्या नुकसान झाले तर दाद मागायला त्यांच्याजवळ कागदही नसतो. ज्याला तक्रार करण्याचा अधिकार नाही त्याच्यावर केलेली सेवा शेवटी उपकारच ठरते.

आणि नुकसान होते. नेपाळमध्ये १९९६ ते २००६ या सशस्त्र संघर्षाच्या काळात हुम्लासारख्या दूरच्या डोंगरी जिल्ह्यांत दलाल फिरले. शहरात शिक्षण देतो असे सांगून त्यांनी गरीब आईबापांकडून पैसे घेतले, मुले घेतली आणि ती अनाथालयांत नेऊन ठेवली. ही अनाथालये दाटली ती काठमांडूचे खोरे, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या भागांत. दुर्गम, गरजू जिल्ह्यांत ती फारशी दिसत नव्हती. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथालयांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. त्या देशात तेव्हा कोणतेही युद्ध नव्हते. अनाथालयांत राहणाऱ्या दर चार मुलांपैकी तिघांचे आई किंवा वडील जिवंत होते. तेव्हा अनाथ वाढले नव्हते. अनाथांना भेटायला येणारे वाढले होते, आणि जेथे मागणी असते तेथे पुरवठा उभा राहतो.

दर पंधरा दिवसांनी नवी ताई, नवा दादा येतो, कडेवर घेतो, गाणी शिकवतो आणि निघून जातो. त्या लहान मुलाला आई एकदा सुटली, आणि मग महिन्यातून दोनदा कुणीतरी सुटत राहते. येणाऱ्या विद्यार्थिनीच्या आठवणींत हा आयुष्यातला सुंदर उन्हाळा असतो. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ साली अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराची दखल आधुनिक गुलामगिरीच्या चौकशीत घेतली. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांतील स्वयंसेवा-पर्यटनाच्या धोक्यांविषयी राष्ट्रांना बजावले. जगाला हे इतक्या उशिरा कळावे, याचे कारण त्या मुलांच्या आयांना कुणी साक्षीला बोलावले नव्हते.

आंबेडकरी माणसाला या सगळ्यात एक जुनी गोष्ट ओळखू येईल. पुणे करारानंतर १९३२ साली अस्पृश्यता निवारणासाठी जी संस्था स्थापन झाली ती पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली. तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९३२ मध्ये बोटीवरून संस्थेचे चिटणीस अ. वि. ठक्कर यांना सविस्तर पत्र लिहिले. व्यक्तींना सद्गुणी करण्यावर पैसा घालवू नका. पाणवठे, शाळा, रस्ते यांवरील नागरी हक्कांसाठी मोहीम काढा. रोजगारात समान संधी द्या. सवर्णांनी आपल्या घरात अस्पृश्यांना पाहुणे म्हणून, नोकर म्हणून प्रवेश द्यावा, म्हणजे जिवंत संपर्कातून सहजीवन निर्माण होईल. आणि या कामाचे कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्यांमधूनच घ्या. असा त्या पत्राचा आशय होता. १९४५ च्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी नमूद केले आहे की या पत्राची साधी पोचही त्यांना मिळाली नाही. पुढे संघाच्या व्यवस्थापनात अस्पृश्यांना स्थान का नाही, असे विचारले गेले तेव्हा उत्तर मिळाले की, हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे.

प्रायश्चित्त कुणाच्या आत्म्यासाठी असते? करणाऱ्याच्या. या उन्हाळी सहलींच्या जाहिराती वाचा. तुमच्या मुलाचे नेतृत्वगुण वाढतील, त्याची संवेदना रुंदावेल, त्याचे आयुष्य बदलेल, असे त्यांत लिहिलेले असते. म्हणजे संघाच्या सेवेत सवर्णांचा आत्मा शुद्ध व्हायचा होता, आणि आज सहलीच्या सेवेत मुलाचे व्यक्तिमत्त्व घडायचे आहे. दोन्हीकडे वस्ती हे साधन आहे.

मग वेगळी वाट आहे का? आहे, आणि ती आमच्याच दारातून गेली आहे. हंगेरीतील रोमा समाजाच्या मुलांना शाळेत वेगळ्या वर्गात बसवले जाते, हे त्यांचे जुने दुःख आहे. त्या समाजाचे कार्यकर्ते यानोश ओर्शोश आणि त्यांचे सहकारी यांना बाबासाहेबांच्या चरित्राची ओळख झाली. २००५ आणि २००७ साली ते महाराष्ट्रात आले, येथील बौद्धांना भेटले. त्यांनी येथे भिंती रंगवल्या नाहीत आणि आमच्या मुलांना खाऊ वाटला नाही. तळाला ढकललेला समाज शिक्षणाच्या बळावर कसा उभा राहिला, हे विचारायला ते आले होते. परत जाऊन त्यांनी जय भीम नेटवर्क स्थापन केले. शायोकाझा या गावी रोमा तरुणांसाठी डॉ. आंबेडकरांच्या नावाची शाळा सुरू केली. २०१६ साली तेथे बाबासाहेबांचा अर्धपुतळाही बसला. दोन देश, दोन भाषा, दोन संस्कृती, पण दोघेही एकाच पायरीवर उभे राहून बोलले. धम्मात याला मैत्री म्हणतात. दया वरून खाली येते. मैत्रीला मात्र समोरासमोर बसावे लागते.

हा विषय आता केवळ परदेशाचा राहिलेला नाही. मुंबई-पुण्याच्या आंतरराष्ट्रीय शाळांत इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएटचा डिप्लोमा अभ्यासक्रम शिकवला जातो, त्यात सेवेचा भाग सक्तीचा आहे. आमच्या कॉलेजांत १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना आहे, तिची सात दिवसांची शिबिरे दत्तक गावांत होतात. 'दत्तक' हा शब्दच पाहा. गाव म्हणजे काय पोरके मूल आहे? या शिबिरांतून चांगले कार्यकर्तेही घडले, हे आम्ही नाकारत नाही. पण शिबिर कुठे उतरते, रस्ता कुणाच्या आळीपर्यंत झाडला जातो, एका तरी दिवसाचे जेवण बौद्ध वस्तीत, मातंग वस्तीत, पारध्यांच्या पालावर होते का, हे प्रश्न विचारले गेले पाहिजेत.

म्हणून शाळा-कॉलेजांपुढे आम्ही चार मागण्या ठेवतो.

पहिली, काम कोणते हे यजमान वस्तीने ठरवावे, तिच्या प्रतिनिधींशी लेखी करार व्हावा आणि तक्रार कुणाकडे करायची हे त्यात लिहावे.

दुसरी, ज्या कामाची मजुरी स्थानिक गवंड्याला, शिक्षिकेला किंवा सुईणीला मिळू शकते ते काम पाहुण्या मुलांनी फुकट करून त्यांचा रोजगार बुडवू नये. त्यांच्या हाताखाली शिकावे आणि त्यांना गुरू म्हणून मानधन द्यावे.

तिसरी, बालगृहांच्या सहली बंद कराव्यात. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ प्रमाणे बालगृहांना नोंदणी सक्तीची आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास, त्याचे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास कलम ७४ ने मनाई केली आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. मोबाइलवर फोटो टाकणाऱ्यांच्या शिक्षकांनी हे कलम आधी वाचावे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची मागणी परतभेटीची. जितकी मुले वस्तीत येतील तितकीच वस्तीतली त्याच वयाची मुले त्याच खर्चात पाहुण्यांच्या शाळेत जावीत, त्यांच्या घरी राहावीत, त्यांच्या ताटाला ताट लावून जेवावीत, आणि तेथे काय चुकते आहे ते मोकळेपणी सांगावे. ज्या शाळेला हे जड वाटेल तिने आपल्या सहलीला सहलच म्हणावे, सेवा म्हणू नये.

हा निकष आम्हालाही लागू आहे. आमची शिकलेली मुले आता आदिवासी पाड्यांवर, भटक्या-विमुक्तांच्या पालांवर जातात. जरूर जावे. पण वह्या वाटताना फोटो काढण्याआधी त्या पालावरच्या पोराला आपल्या घरचा पत्ता द्यावा, आणि तो दारात आला तर त्याला आत घ्यावे. येत्या सुट्टीत प्रत्येक विहाराने एवढे एक काम केले, दुसऱ्या समाजातील चार मुले आपल्या घरी चार दिवस राहायला आणली आणि आपली चार मुले तिकडे पाठवली, तरी पुष्कळ झाले. त्याला कंपनी लागत नाही, विमान लागत नाही आणि प्रमाणपत्रही लागत नाही.