राबणे म्हणजे व्यायाम नव्हे

“आमच्या घरच्या स्त्रियांस निराळा व्यायाम कशाला? पहाटेपासून रात्रीपर्यंत त्या पायांवर उभ्याच असतात,” हे वाक्य चांगल्या शिकल्या-सवरलेल्या घरांतूनही आज ऐकू येते. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा कौतुकच असते. परंतु त्या कौतुकात एक मोठा घोटाळा दडलेला आहे, आणि त्याची किंमत एखाद्या सुनेला, लेकीला किंवा वडीलधाऱ्या काकूंना आपल्या मनःस्वास्थ्याने मोजावी लागते. म्हणून श्रम आणि व्यायाम यांतील भेद या महिन्यात आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात व्यायामाचे लक्षण दिले आहे. शरीरास स्थैर्य आणि बल देणारी चेष्टा म्हणजे व्यायाम, एवढे सांगून ग्रंथकार थांबत नाहीत. ती चेष्टा ‘इष्ट’ असावी आणि मात्रेने, म्हणजे बेताने, करावी असेही ते सांगतात. ‘च इष्टा’ या दोन पदांचा संधी ‘चेष्टा’ असाच होत असल्यामुळे पदच्छेद न करता वाचणाऱ्याच्या नजरेतून हे विशेषण सहज निसटते. आमच्या मते सारे मर्म त्यातच आहे. आपण होऊन, आवडीने, आपल्या बेताने केलेली हालचाल तो व्यायाम. कर्तव्याच्या ओझ्याखाली, दुसऱ्याच्या घड्याळाप्रमाणे करावी लागते ती हालचाल म्हणजे श्रम. बेताबाहेर केलेल्या व्यायामाने थकवा, तहान, खोकला, ज्वर असे विकार जडतात, हेही त्याच अध्यायात सांगितले आहे.

आधुनिक संशोधनही याच दिशेस बोट दाखविते. अनेक अभ्यासांचा एकत्र विचार करणारा एक आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. फावल्या वेळी स्वेच्छेने केलेल्या हालचालीचा मनःस्वास्थ्याशी अनुकूल संबंध त्यात दिसून आला; नोकरी-मजुरीतील श्रमांचा मात्र तसा दिसला नाही, उलट तेथे मनाच्या तक्रारी काहीशा अधिकच आढळल्या. आता, ज्यास ओझी वाहावी लागतात त्याच्यामागे दारिद्र्याची चिंताही असते, तेव्हा सारा दोष श्रमावर लादणे न्यायाचे होणार नाही. तथापि ‘राबतो तो आपोआप सुखी राहतो’ या समजुतीस आधार नाही, एवढे निश्चित.

आपल्यासारख्या विकसनशील देशांत या भेदाचे महत्त्व अधिक आहे. २०१५-१६ साली बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात शंभर प्रौढांपैकी दहांहून अधिक जण कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने पीडित आढळले; आणि विकाराच्या प्रकारानुसार शेकडा ७० ते ९२ रुग्णांस उपचारच मिळत नव्हते. दुसरीकडे, जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण शेकडा ४२, तर स्त्रियांत ५७ होते. आणि याच स्त्रियांविषयी २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीने काय दाखविले? घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, पुरुषांचा ९७. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचावेत. पाच तास ओट्यापाशी उभे राहून पाय दुखतात, पण छाती भरून श्वास घ्यावा असे काही घडत नाही. आणि उरलेल्या वेळात फिरावयास जाण्याची ना सवड असते, ना कोणाची संमती.

चालण्याने मनास काय लाभते, असे कोणी विचारील. २०२४ साली दोनशेंहून अधिक प्रयोगांचा आढावा घेणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चालणे वा धावणे, योगासने आणि स्नायूंस बळ देणारे व्यायाम यांनी खिन्नतेच्या विकारात उतार पडतो, असे त्यात आढळले. झोप सुधारते, त्याच त्या विचाराचे चऱ्हाट काही काळ तुटते, चार माणसे भेटतात आणि ‘आज आपण एवढे केले’ असा विश्वास वाटतो. कारणे अशी अनेक आहेत.

गोव्यातील एका प्रयोगाचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. ‘संगथ’ या संस्थेने तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र खिन्नतेच्या रुग्णांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार करणारे डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. सहा ते आठ भेटींत ती रुग्णास एवढेच शिकवीत, की मनास उभारी येण्याची वाट न पाहता सोडून दिलेली आवडीची कामे थोडी थोडी हाती घ्यावी. तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी शेकडा ६४ जण विकारमुक्त आढळले. केवळ नेहमीच्या वैद्यकीय देखरेखीखाली असलेल्यांत हे प्रमाण ३९ होते. हा काही निव्वळ व्यायामाचा प्रयोग नव्हे. परंतु कृती आधी आणि उत्साह मागून, हा त्याचा धडा आमच्या विषयास तंतोतंत लागू पडतो.

शरीर हे धर्माचरणाचे पहिले साधन होय, हे कालिदासाचे वचन व्यायामशाळांच्या भिंतींवर नेहमी दिसते. ‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गात ते कोणास उद्देशून आले आहे, हे मात्र विसरले जाते. तपाने कृश झालेल्या पार्वतीस बटुवेषधारी शंकर ते ऐकवितात. म्हणजे ज्या वचनाखाली पुरुषांनी जोर काढले, ते मुळात एका स्त्रीच्या प्रकृतीच्या काळजीने उच्चारलेले आहे!

तेव्हा उपाय काय? प्रौढांस आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले. दिवसाकाठी अर्धा तासही पुरतो. हा अर्धा तास घरातील स्त्रीस ‘मिळाला तर मिळाला’ असा न ठेवता देवपूजेप्रमाणे नेमलेला असावा. त्या वेळी दूध, चहा, मुलांचे डबे यांचे काम कोणी करावयाचे, हे कर्त्या पुरुषांनी आपसांत ठरवून घ्यावे. निवृत्त मंडळींना तर ते सहज साधेल. सासूबाईंनी सुनेस नुसती परवानगी देण्याऐवजी तिच्याबरोबर निघावे. दोघींचेही हित होईल. मात्र फिरण्यातही हिशेब मागू नये, आणि ‘येताना भाजी घेऊन ये’ असे तर मुळीच सांगू नये. नाहीतर इष्ट चेष्टेचा पुन्हा श्रम झालाच!

एक इशारा देणे अवश्य आहे. ज्यास अनेक दिवस झोप नाही, अन्न गोड लागत नाही, जगणे नकोसे वाटते, त्यास ‘जरा फिरून ये’ एवढे सांगून वाटेस लावू नये. त्यास वैद्यकीय साहाय्य हवे. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ योजनेचा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून याचसाठी चालू आहे. तो घरातील प्रत्येकास ठाऊक असावा.

पुढचा अंक हाती येईपर्यंत चार आठवडे आहेत. तोवर वाचकांनी आपल्या घरात एवढेच पाहावे, की आज कोण स्वतःच्या मर्जीने घराबाहेर पडले आणि कोणास उंबरठाच ओलांडता आला नाही. ज्यास तो ओलांडता आला नाही, त्याच्या हातातील काम उद्या सकाळी दुसऱ्या कोणी उचलावे.