एक प्रश्नचिन्ह राहून गेलं...

परवा आमच्या बचत गटात चांगलीच वादावादी झाली, आणि तीही एका चिन्हावरून! अध्यक्षताईंनी खजिनदारताईंना मोबाईलवर निरोप पाठवला, 'बँकेचा हप्ता भरला'. त्यांना खरं तर विचारायचं होतं, पण पुढे प्रश्नचिन्हच नाही. खजिनदारताईंना वाटलं, अध्यक्षताईंनीच भरला. तारीख उलटली, दंड बसला. वर 'निष्काळजी' म्हणून बोल लागला, तो खजिनदारताईंना.

बोलताना आपला आवाज चढतो, आपण मध्येच थांबतो, समोरच्याला कळतं. कागदाला आवाज कुठला? जुन्या मोडी पत्रांत ही चिन्हं नव्हतीच. मेजर थॉमस कँडी या इंग्रज गृहस्थांनी १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहिली आणि मराठीला त्यांची सवय लागली. आता तर उलटंच! 'लवकर या!!!' असं वाचलं की वाटतं, बाई रागावल्यात की काय.

पण एक मला खटकतं. आमच्या एका मैत्रिणीचा अर्ज एका साहेबांनी हसून बाजूला ठेवला. का, तर कुठे पूर्णविराम नाही. सातवीत शाळा सुटलेली ती, पण सगळ्या गटाचा हिशोब तोंडपाठ! स्वल्पविरामावरून कुणाची अक्कल मोजावी का हो? तरी लोक मोजतातच.

म्हणून आम्ही ठरवलंय, लिहिलेलं आधी मोठ्यानं वाचायचं, थांबावंसं वाटेल तिथे चिन्ह द्यायचं. या महिन्यात निरोप आला, 'हप्ता भरला?'

उत्तर आलं, 'भरला. पावती घेतली.'